उजव्या हाताची जागा

मखमलाबाद रोड, नाशिक
२६ ऑगस्ट २०२४

चि. ज्ञानेश यास आजीचा सलाम.

तुझं पत्र आलं. उज्वलेने ते दोनदा वाचून दाखवलं, एकदा उभ्याने आणि एकदा बसून. उभ्याने वाचलं तेव्हा वाटलं नळपट्टीची नोटीस आली. बसून वाचल्यावर कळलं, नातवाचं आहे. उज्वला म्हणजे शेजारीण. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं झेंडूचं शेत आहे. पहाटे फूलबाजार, दुपारी माझी लेखणी. मी बोलते, ती लिहिते. मी अक्षर शिकले नाही ते एका अर्थी बरंच झालं, नाहीतर दुपारी माझ्याकडे कोण आलं असतं?

फोन कर म्हणतोस. फोनवर तू विचारतोस, जेवलीस का, मी हो म्हणते. गोळ्या घेतल्यास का, हो म्हणते. मग दोघंही गप्प, आणि पलीकडून तुझ्या ऑफिसातला पंखा ऐकू येतो. पत्राचं तसं नाही. मला वाटेल तितक्या वेळा ते ऐकता येतं.

आता तुझ्या कामाचं. जे लोक देवळात येत नाहीत त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, याची योजना करायला तुला पुण्यात चर्चच्या मोठ्या ऑफिसात बसवलंय, आणि तू मला विचारतोस, आजी, लोक का येत नाहीत? मी काय देवळाच्या दारात तिकिटं फाडते का रे? पण विचारलंस म्हणून सांगते. येत नाहीत ते सगळे रुसलेले नसतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची सून रविवारी कामाला जाते. आणि कुणी मुद्दाम एक रविवार घरी राहून बघतं, आपण नाही हे कुणाला कळतंय का. नाही कळलं, की पुढच्या रविवारी घरी राहणं सोपं जातं.

माणसं पाठवशील तर हातात कागद देऊन पाठवू नकोस. लोक कागद घेतात आणि माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. रिकाम्या हाताने आलेल्याला मात्र बस म्हणावं लागतं.

आपल्या देवळात हल्ली किती माणसं असतात, असं विचारलंस. पुष्कळ असतात. नवे पंखे लागलेत, बाकांच्या जागी खुर्च्या येणार म्हणतात, आणि गाण्याचे शब्द आता भिंतीवर दिसतात म्हणे.

पुण्याहून नाशिकला गाड्या येतात असं ऐकून आहे.

तुझी,
साळूआजी

---

पुणे
१० सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

सलाम.

तुझी रिकाम्या हातांची कल्पना मी बैठकीत मांडली आणि सगळ्यांना आवडली. तुझं नाव सांगितलं नाही, फक्त ‘एका अनुभवी सभासदाचं मत’ असं म्हटलं. योजनेला ‘शेजारभेट’ असं नाव दिलंय. पहिला प्रयोग नाशिकलाच आहे. दर गुरुवारी संध्याकाळी दोघादोघांनी देवळाच्या आसपासच्या वस्त्यांत जायचं. पत्रकं न्यायची नाहीत. धर्माचा विषय आपणहून काढायचा नाही, कुणी विचारलं तर सांगायचं. चहा दिला तर प्यायचा. ओळख झाली की नोव्हेंबरातल्या सुगीच्या सणाला बोलवायचं. बस, एवढंच.

गटात सगळे नवीन घेतलेत, नाशिकला नोकरीसाठी आलेले. जुन्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांचा वेळ घ्यायचा नाही असं ठरलं. तू तर दर रविवारी तिसऱ्या बाकावर असतेसच, तुला घरी येऊन काय भेटायचं?

तुझ्या बाकावरची ठमाआजी निफाडला मुलाकडे राहायला गेली, ते बरं झालं. मोडलेल्या खुब्याचं करायला घरचं माणूस हवं. तुलाही आता बाकावर ऐसपैस बसता येत असेल.

दिवाळीत यायचा विचार आहे. नक्की सांगत नाही.

तुझा,
ज्ञानेश

---

मखमलाबाद रोड, नाशिक
४ ऑक्टोबर २०२४

ठमे,

सलाम. खुब्याचं हाड काय म्हणतंय? माझे गुडघे त्याची विचारपूस करतात.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तू निफाडला गेलीस त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटी देवळात गेले. आपल्याच बाकावर बसले, तुझी जागा तशीच ठेवून. गाणं लागलं ते वल्ह्याचं. पहिलं कडवं छान म्हटलं. मग दुसऱ्याच्या आधी मी उजवीकडे कान केला, सवयीने. इतकी वर्षं तू पुढची ओळ माझ्या कानाशी सोडायचीस आणि मी ती उचलायचे. मला वाटायचं, गाणी मला पाठ आहेत. पाठ तुला होती गं. मला फक्त तुझ्यामागून चालता येत होतं.

तर उजवीकडून काही आलं नाही, आणि मी तोंड उघडलं ते तिसरं कडवं घेऊन. दुसऱ्यात वादळ आहे, तिसऱ्यात किनारा. सगळं देऊळ वादळात आणि मी एकटी किनाऱ्याला लागले. माझा आवाज तुला माहीत आहे, लपण्यासारखा नाही. पुढच्या पोरी वळून बघायला लागल्या. एक हसली. वाईट नव्हती हसली, पण हसली. मी तोंड मिटलं आणि त्या दिवसापासून गेले नाही. वाट बघितली, कुणी विचारायला येतंय का. जुने पाळकसाहेब बदलून गेलेले, नव्यांना मी माहीत नाही.

आता पुढचं ऐक, आणि हसलीस तर हाड सांभाळून हस. गेल्या महिन्यात गुरुवारी दारात दोघं उभी. मुलगी शुभांगी, दवाखान्यात नर्स आहे. मुलगा हर्षल, दिंडोरीकडे वाइनच्या कारखान्यात हिशेब लिहितो. उज्वला उरलेल्या झेंडूची माळ माझ्या दाराला लावते ना, ती होती. उज्वला स्वतः कपाळभर कुंकू लावून चौकटीत बसलेली. पोरांनी बघितलं आणि मी हिंदूच असं धरून चालली. शुभांगी म्हणाली, “आजी, तुम्ही कधी आमच्या चर्चमध्ये आलाय?”

मी गमतीने म्हटलं, “बाहेरून बघितलंय. घंटा मोठी आहे.”

पुढच्या घडीला खरं सांगणारच होते. पण त्या मुलीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “मग एकदा आतून बघा.” तिचा हात गरम होता. मी गप्प बसले.

मीच विचारलं, तुमच्या देवाची एखादी गोष्ट सांगा. तिने हरवलेल्या मेंढराची सांगितली. मी म्हटलं, “मग बाकीची कुणाच्या भरवशावर सोडली?” हर्षल गडबडला. म्हणाला, पुढच्या गुरुवारी विचारून सांगतो. म्हणजे पुढचा गुरुवारही आला. ठमे, तेव्हापासून येतात. मी प्रत्येक गोष्टीला म्हणते, मग पुढं काय झालं? आणि ती सांगत जातात. उज्वला पदर तोंडात धरून बसते.

खरं सांगितलं तर यायची बंद होतील. त्यांना बाहेरच्यांकडे जायचंय, घरच्यांकडे नाही. हे ज्ञानेशने स्वतःच ठरवलंय.

तुझी,
साळू

(ठमाआजी, मी हसत नव्हते. एकदाच हसले. — उज्वला)

---

निफाड
१२ ऑक्टोबर २०२४

साळे, खोटारडे,

सलाम घे आणि मग शिव्या घे. ज्या मेंढराची गोष्ट तू संडे स्कूलच्या पोरांना इतक्या वेळा सांगितलीस, ती तुला सांगायला दवाखान्याची पाळी संपवून एक नर्स येते, आणि तू भोळा चेहरा करून बसतेस. मी तिथे असते तर तुझ्या कमरेला चिमटा काढला असता.

मग मी खूप वेळ हसले, आणि सून धावत आली की आईंना काय झालं.

इथे सगळे चांगले आहेत. मला काही कमी नाही. पण द्राक्षाची छाटणी चालू आहे, घरातली सगळी दिवसभर मळ्यात. मी आणि टीव्ही. आपल्या लोकांची भक्ती इथे एकांच्या माडीवर भरते, आणि मला जिना चढवत नाही. रविवारी मी खिडकीत बसून आपली गाणी म्हणते. दोन कडव्यांच्या मध्ये थांबते आणि पुढची ओळ हळू सोडते. डावीकडे. भिंतीला.

मी नसताना तू तोंड मिटून घरी बसलीस, हे मला आवडलं नाही. मला वाटायचं, निदान एक जण तरी तिथे आहे.

त्या पोरांना खरं सांग. आणि तुझ्या योजनावाल्या नातवाला आधी सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. मला लिहिता येतं, हे विसरू नकोस.

ठमा

---

पुणे
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय आजी,

सलाम. एक आनंदाची बातमी आहे, आणि तुझ्याकडे एक काम आहे.

शेजारभेट छान चाललीय. नाशिकच्या शुभांगीने एका आजींबद्दल लिहिलंय, मखमलाबाद रोडकडेच राहतात. दाराला झेंडूची माळ असते. कदाचित तुझ्या ओळखीच्याही असतील. प्रत्येक गोष्ट मन लावून ऐकतात आणि म्हणतात, ‘मग पुढं काय झालं?’ या दोघांनी गीत म्हटलं की डोळे पुसतात. मी तेवढा भाग बैठकीत वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१७ नोव्हेंबरला सुगीच्या सणाला त्या यायला तयार झाल्यात. माझी विनंती अशी, की तू त्यांच्या शेजारी बस. नवीन माणूस गोंधळतो, कधी उठायचं, कधी बसायचं कळत नाही. त्या एकट्या असतात असं शुभांगी म्हणते. एक नातू आहे म्हणे लांब कुठेतरी, मोठ्या कामात असतो. अशा नातवांना काय म्हणावं.

दिवाळीत येणं होईल असं दिसत नाही. नोव्हेंबरातल्या अहवालाची तयारी आहे.

तुझा,
ज्ञानेश

---

मखमलाबाद रोड, नाशिक
२९ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानेश,

सलाम. टाळ्या वाजल्या हे ऐकून बरं वाटलं. टाळ्या त्या बाईलाही आवडल्या असत्या, तिला आयुष्यात कुणी वाजवल्या नाहीत.

शेजारी बस म्हणतोस, बसेन. मी तिला चांगली ओळखते. वाटते तितकी भोळी नाही, जरा खट्याळ आहे. पण कधी उठायचं आणि कधी बसायचं ते तिला जमेल, त्याची काळजी करू नकोस. तिला भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

तिच्या नातवाला काही म्हणू नकोस. पोरगा चांगला आहे. लहानपणी देवळात तिच्याच मांडीवर असायचा. प्रवचन सुरू झालं की झोपायचा आणि शेवटचा आशीर्वाद झाला की बरोबर जागा व्हायचा. अजून तसाच आहे. आशीर्वादाची वाट बघायची, एवढंच.

आजी

(ज्ञानेशभाऊ, दिवाळीसाठी झेंडूची तोड चालू आहे म्हणून पत्र लहान. आमच्या फराळातला एक डबा आजींनी तुमच्यासाठी वेगळा काढायला लावलाय. मी म्हटलं, येणार नाहीत ते. त्या म्हणाल्या, चकलीला काय, ती टिकते. — उज्वला)

---

निफाड
४ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानेश यास ठमाआजीचा सलाम.

साळूने मला लिहिलं, की तू तिला तिच्याच शेजारी बसायला सांगितलंस. मी हसले. मग हसू थांबलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

त्या दाराला झेंडूची माळ शेजारीण लावते, बाजारात विकून उरलेल्या फुलांची. आणखी काय समजावू? तू योजना करतोस, तुला यातून कळेल.

मी गेल्यापासून ती देवळात गेलेली नाही. तिच्या उजव्या हाताला मी बसायचे. तिचा डावा कान कामाचा नाही, म्हणून उजव्या हाताला. दोन कडव्यांच्या मध्ये, तिने श्वास घेतला की पुढची ओळ सांगायची. गाणं सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही. फार मोठ्याने नाही, लोकांना कळता कामा नये. तिला स्वतःलाही कळत नव्हतं.

मी आता काही येऊ शकत नाही. जागा रिकामी आहे, एवढं कळवते.

ठमाबाई

---

पुणे
१० नोव्हेंबर २०२४

आजी,

सलाम. हे पत्र मी पुन्हा पुन्हा लिहून फाडलं, म्हणून आता लहानच लिहितो.

सुगीच्या सणाला त्या बाईंच्या शेजारी तू बस, असं मी लिहिलं होतं. ते राहू दे. त्यांच्या उजव्या हाताला मी बसतो. शनिवारी संध्याकाळी पोचेन.

मला शब्द भिंतीवर बघून म्हणायची सवय आहे. सांभाळून घे.

ज्ञानेश

(चकल्या ठेवायला सांगितल्या आहेत का, ते उज्वलाताईंना विचार.)

---

मखमलाबाद रोड, नाशिक
२२ नोव्हेंबर २०२४

ठमे, चुगलखोरे,

सलाम. तुझ्यावर रागावले आहे. हे उज्वलेला दोनदा लिहायला सांगितलं, ती एकदाच लिहिते म्हणाली.

ज्ञानेश शनिवारी आला. केस पातळ झालेत, पोट सुटलंय. दारात उभा राहून आधी झेंडूची माळ बघितली. चकल्या मऊ पडल्या होत्या, पण बसून सगळ्या खाल्ल्या. ती त्याची माफी होती, मी धरून टाकली.

रविवारी सकाळी शुभांगी आणि हर्षल मला न्यायला रिक्षा घेऊन आली. ज्ञानेश माझ्या पलंगावर बसून पायमोजे चढवत होता. शुभांगी त्याला मोबाइलवरच्या बैठकीत बघत आलेली. ती म्हणाली, “सर, तुम्ही इथे?”

मी म्हटलं, “हा माझा नातू. मोठ्या कामात असतो तो.”

हर्षलला आधी कळलं, तो भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. शुभांगी हसली नाही. तिने मला विचारलंही नाही. रिक्षात माझ्या बाजूला बसली, पण हात मांडीवर ठेवून. देवळाच्या दारात घंटा वाजवणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या भिकाने लांबून ओळखलं, “साळूबाई, किती दिवसांनी!” तिने तेही ऐकलं.

तुला देऊळ कसं आहे ते ऐकायचं असेल. भोपळे, मक्याची कणसं, टोमॅटोचे क्रेट, पेठ तालुक्यातल्या लोकांनी आणलेला नवा भात. नुसता वास आला तरी पोट भरावं. आपलं बाक अजून आहे, खुर्च्या तिथवर पोचल्या नाहीत. ज्ञानेश माझ्या उजव्या हाताला बसला. आणि गाणं कुठलं लागावं? वल्ह्याचंच.

पहिलं कडवं झालं. मी श्वास घेतला. त्याने तू सांगितल्यासारखं वाकून ओळ सोडली. पण भिंतीवर शब्द बदलायला वेळ लागला, आणि त्या घाईत त्याने आठवणीतून सोडली ती तिसऱ्या कडव्याची. लहानपणी झोपेत ऐकलेलं गाणं, त्याला किनारा तेवढा आठवत होता. मी ती उचलली. मोकळ्या गळ्याने उचलली. पुन्हा सगळं देऊळ वादळात.

ज्ञानेशने भिंतीकडे बघितलं. त्याला चूक कळली. मला वाटलं, आता हा मला दंडाला धरून थांबवणार. तो थांबला नाही गं. माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणायला लागला. सगळ्या लोकांच्या आधी आम्ही दोघं किनाऱ्यावर जाऊन बसलो आणि त्यांची वाट बघितली.

नंतर देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. तुझी आठवण काढली. तू दर वर्षी तीच तांबडी कोंबडी देवाला वाहायचीस, मग तिचा लळा सुटेना म्हणून लिलावात स्वतःच बोली लावून घरी घेऊन यायचीस. यंदा तिच्यासारखी एक होती. मी बोली लावली. आता ती उज्वलेच्या गोठ्यात आहे आणि तिचं नाव ठमी आहे. झेंडूची रोपं उकरते. स्वभावही तुझ्यावर गेलाय.

ज्ञानेश दुपारच्या गाडीने गेला. म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो. मी हो म्हटलं, फोनवर म्हणते तसं.

मग गुरुवार आला. चहाचं आधण ठेवलं, किती कपांचं ठेवावं कळेना. दिवे लागले तरी कुणी आलं नाही. उज्वलाही शेतावर होती. चहा आटून काळा झाला. मी गॅस बंद केला आणि दार लोटलं.

तेवढ्यात शुभांगी आली. एकटीच. दवाखान्यातूनच आली होती, अंगावर पांढरे कपडे. बसली नाही. म्हणाली, “आजी, तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं. मग मला दर वेळी ‘पुढं काय झालं’ असं का विचारायचात? मी घरी जाऊन वाचून यायचे तुमच्यासाठी.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गमतीचं काही सुचेना, ठमे. मला कधी असं होत नाही.

मी म्हटलं, “माहीत होतं गं. पण ती गोष्ट मी जन्मभर गर्दीत बसून ऐकली. माझ्या एकटीसाठी घरी येऊन कुणी सांगितली नव्हती.”

ती उभीच राहिली. मग पिशवी खाली ठेवली आणि आटलेला चहा बघून म्हणाली, “हा पिण्यासारखा नाही, नवीन टाकते.” स्वतःच टाकला. साखर जास्त पडली, तरी मी सगळा प्यायले. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, “हर्षल?” ती म्हणाली, “त्याला दुसरी वस्ती दिलीय. शेजारभेटीत तुमचं घर आता धरत नाहीत.” मग म्हणाली, “मी माझी आले.”

येत्या रविवारी ती मला न्यायला येणार आहे. तिचा आवाज बारीक आहे, कितपत ऐकू येईल कोण जाणे. पण ऐक. माझी उजवी बाजू तुझी आहे. ज्ञानेशला ती एका रविवारपुरती दिली होती, आणि शुभांगीला उसनी देते आहे. तू आलीस की तिला उठवीन, आणि ती उठेल, चांगली मुलगी आहे.

तोवर तू खिडकीत बसून भिंतीला सोडतेस ती ओळ जरा मोठ्याने सोड. निफाड काही फार लांब नाही.

तुझी,
साळू